बळीराम ठवकर पाठ टेकत नाहीत

मे महिन्यातली दुपार होती. हिंदी मुलखातल्या रांझीत क्वार्टरच्या भिंतींना हात लावू नये इतक्या त्या तापल्या होत्या. अवंतिका आजोबांना स्कूटीवर मागे बसवून नेपियर टाउनला एक्स-रे काढायला निघाली. काम साधं होतं. छातीचा एक एक्स-रे काढायचा आणि फाइलला जोडायचा.

"एडिनबर्गहून कायदा शिकून आली अन् म्हाताऱ्याची ड्रायव्हर झाली," आई, कुंदा, दारातून म्हणाली. "नोकरी काहून नाही पाहून राहिली तू?"

"आधी आबांचं पदक, आई."

आबा म्हणजे बळीराम ठवकर, एकाहत्तरच्या लढाईतले शिपाई. लढाईत जखमी झालेल्यांना मिळणारं पदक त्यांना कधी मिळालं नाही, कारण नोंदीप्रमाणे ते जखमी झालेच नव्हते. उजव्या बरगडीवर खोल व्रण घेऊन हा माणूस कागदावर मात्र धडधाकट होता. मागच्या अर्जावर तर 'दावा खोटा' असा शेरा आला होता. त्या दिवसापासून आबांनी कॉलनीतल्या फौजी मित्रांत बसणं सोडलं. आता एकच सुनावणी उरली होती. तीही हातची गेली की फाइल कायमची बंद होणार होती. खऱ्या माणसाला आयुष्याच्या शेवटी खोटं ठरवून मोकळं व्हायचं, हे अवंतिकाला सहनच होत नव्हतं.

आबांची एक सवय होती. ते कधी पाठ टेकत नसत. खुर्चीत ताठ बसायचे आणि झोपायचे तेही पालथे. घरात सगळे त्याला फौजी शिस्त म्हणायचे.

वाळलेल्या काडीसारखे आबा मागे बसले, तरी स्कूटी चढावर धापा टाकू लागली. चौकात हवालदारानं हात आडवा केला.

"दीदी, तीन सवारी? चालान बनेगा."

"तीन कुठे? हम दो ही हैं, भैया."

हवालदार जवळ आला. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग त्यानं गॉगल काढून कपाळावरचा घाम पुसला. "जाइए," तो हळूच म्हणाला. "धूप बहुत है."

मागून ओल्या लोकरीचा वास येत होता. त्यात टिंक्चर आयोडीनचाही. भर मे महिन्यात… अवंतिकाला वाटलं, जवळपास एखादा दवाखाना असेल.

एक्स-रेच्या खोलीत आबा यंत्रापुढे एकटेच उभे होते. काचेपलीकडून चिराग नावाचा टेक्निशियन ओरडला, "बाबूजी के पीछे कौन है? हटिए वहाँ से!"

"कोणी नाहीये," अवंतिका म्हणाली. ती चिरागच्या शेजारीच उभी होती.

चिरागनं एकदा फिल्म काढली. ती पाहिली आणि पुन्हा काढली. दुसरी फिल्म तिच्या हातात देताना त्यानं पैसे घेतले नाहीत. "छर्रा है, दीदी. पसली में. बाकी… बाकी आप देख लीजिए."

उजव्या बरगडीत छर्ऱ्याचा पांढरा ठिपका होता. आणि डाव्या खांद्यावर मागून पुढे आलेली, हाडांची चार बोटं. करंगळी अर्धीच होती.

बाहेरच्या बाकावर आबा ताठ बसले होते. अवंतिकानं फिल्म त्यांच्यापुढे धरली. ते दचकले नाहीत. ओळखीचं माणूस भेटावं तसे नुसते पाहत राहिले.

"बंडू आहे तो," ते म्हणाले.

"कोण बंडू?"

"बंडू काळबांडे. माझा जोडीदार. सुरुंग त्यानंच पेरले होते आपल्या हातानं. त्या रात्री गस्तीवर असताना धुक्यात चुकला अन् त्यातल्याच एकावर पाय पडला. मी आत शिरलो, धुक्यानं भिजलेल्या लोकरी कोटासकट त्याले पाठीवर घेतलं. पण बाहेर कसा येऊ? वाट त्यालेच ठाऊक. रक्त गेलं, बोलणं बंद झालं. तर तो खांद्यावर थापा मारे. डाव्या खांद्यावर थाप पडली का डावीकडं. उजव्यावर पडली का उजवीकडं. दोन्हीवर पडली का थांब."

"आणि छर्रा?"

"बाहेर निघालो अन् गोळा फुटला. मले लागलं. तवा बोलला तो. शेवटचं… 'बळ्या, तुले लागलं हे मी सायबाले सांगीन. सांगल्याबिगर उतरत नाही.'"

जखमींच्या तंबूत आबा एकच नाव ओरडत राहिले. बंडू काळबांडे, बंडू काळबांडे. आधी त्याला पाहावं म्हणून. लिहून घेणाऱ्यानं दोघांच्या जखमा त्याच नावावर लिहिल्या. सकाळी आबा पट्टी बांधून कंपनीत परतले आणि नोंदीत धडधाकट राहिले.

"बंडूले उतरवलं म्हणत ते लोक. मेला होता म्हणे." आबांनी डावा खांदा चाचपला. "मले तर तो उतरल्यासारखा कधी वाटला नाही, पोरी."

सुनावणीला टेबलामागे तिघे होते. अध्यक्ष निवृत्त कर्नल, एक अधिकारी आणि एक म्हातारे फौजी डॉक्टर.

"चश्मदीद गवाह?" कर्नलनी विचारलं.

"सब गुजर गए, सर." अवंतिका उभी राहिली. "पर ये देखिए. उस रात के ज़ख़्मियों के रजिस्टर में लिखा है कि छर्रा बंडू काळबांडे की दाहिनी पसली में लगा. बंडू की चिता जल गई, सर, और वो छर्रा आज भी मेरे आबा की पसली में है. एक छर्रा दो आदमियों में कैसे रहेगा?"

"फिल्म," डॉक्टरांनी हात पुढे केला.

त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. खूप वेळ धरली. मग बंडूच्या जुन्या कागदांतली ओळखीची खूण पाहिली. डाव्या हाताची करंगळी अर्धी. त्यांनी पुन्हा फिल्म पाहिली. खोलीत ओल्या लोकरीचा वास दाटला. एकाएकी डॉक्टरांनी आपल्या उजव्या खांद्याकडे मान वळवली, जणू कोणी हाक मारायला थोपटलं होतं. मागे नुसती भिंत होती.

"सर," ते कर्नलना म्हणाले. "गवाह… हाजिर है."

कर्नलनी त्यांच्याकडे पाहिलं, मग फिल्मकडे. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

पदक महिनाभरानं, माजी सैनिकांनी भरलेल्या सभागृहात आबांच्या छातीवर लागलं. 'दावा खोटा' म्हणणाऱ्या शेऱ्यावर काट मारल्याचं कर्नलनी मोठ्यानं वाचून दाखवलं. आबांचे जुने मित्र उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात. कुंदा पदराआड हुंदके देत होती. "आबाजी, आता तरी आरामात बसा नं!"

आबा मात्र खुर्चीच्या काठावर ताठच. त्यांनी नातीला जवळ बोलावलं.

"माझं झालं, पोरी. पण वाट बंडूनं दाखवली. त्याच्या नावावर नुसतं 'सुरुंगानं मेला' एवढंच. त्याचं काय?"

"त्यांचंही मी करीन, आबा," अवंतिका म्हणाली, डोळे पुसत, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी. "ते काम झाल्याशिवाय मी थांबत नाही!"

आबांनी तिच्या खांद्याच्या मागे कुठेतरी पाहिलं. हळूच मान हलवली. मग एक लांब श्वास सोडून त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. पूर्ण टेकली, मान मागे टाकून. "अहाहा," ते म्हणाले. "हलकं वाटून राहिलं व." आणि तिथल्या तिथे लहान पोरासारखे झोपी गेले.

आई आबांना ऑटोतून घेऊन गेली. अवंतिका एकटीच स्कूटीवर निघाली. मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, जिंकलो म्हणून. तेवढ्यात स्कूटीचं मागचं चाक खाली दबलं.

ओली लोकर. आयोडीन.

तिची पाठ आपोआप ताठ झाली. मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही. चौकात घराचा रस्ता डावीकडे होता, फौजी नोंदींच्या रेकॉर्ड ऑफिसचा उजवीकडे. तिच्या उजव्या खांद्यावर एक गार थाप पडली. हलकीच, ओळखीच्या माणसानं मारावी तशी.

अवंतिकानं उजवीकडचा इंडिकेटर दिला.

"चलो, बंडूकाका," ती पुटपुटली.

चौकातल्या त्याच हवालदारानं हात आडवा केला.

"दीदी, आपका तो ठीक है," तो म्हणाला. "पीछे वाले भैया का हेल्मेट कहाँ है?"