पिवळं पडलेलं पाणी

ऑपरेशन थिएटरच्या जिन्यावर ती जवळजवळ त्याच्या अंगावरच आदळली. तिने बर्फाचा डबा पोटाशी धरला होता. तो पायरीवर खांदा चोळत बसला होता.

"बर्फ आहे ना त्यात? थोडा द्या की. खांदा धरलाय."

"आहे, पण... देण्यासारखा नाही," म्हणत ती सटकली. नुकत्याच काढलेल्या गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जिवंत राहायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तोच समोर येऊन बसला. "काय बर्फवाली, आज तरी हातून काही सुटेल का?"

ती हसली, आणि आपला चहा त्याच्याकडे सरकवला. तो पोहायला शिकवायचा. केसांना सदा क्लोरीनचा वास. थोरल्या भावाची कॅन्सरची गाठ काढली होती, आता औषधांसाठी खेपा सुरू झाल्या. दादाला सलाईन लागलं की हा कोच खाली तिच्या प्रयोगशाळेच्या दाराशी हजर. कधीतरी, दोघांच्या नकळत, 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"हे पाणी परवा गुलाबी होतं ना?" एकदा तिच्या हातातली, पेशी वाढवायची बाटली बघून त्याने विचारलं.

"पेशींनी पिवळं केलं. गाठीच्या पेशी अधाशासारखी साखर खातात आणि ॲसिड बाहेर टाकतात. शरीराच्या राखणदार पेशी लढायला येतात, तर खायला काही उरलेलं नसतं, आणि भोवती सगळं आंबट. मग त्या दमतात... नुसत्या बसून राहतात."

"तलावाचं पाणी तपासताना असा पिवळा रंग आला तर मी कोणाला उतरू देत नाही." तो थांबला. "तुला मात्र एकदा उतरवायचंय."

"मला पाण्याची भीती वाटते."

"मग मी कशाला आहे?"

तिने बाटली उगाचच पुन्हा पुसली.

पावसाळी, मळकट दुपारी तिचा प्रयोग जमला. ॲसिड बाहेर टाकण्याची वाट औषधाने अडवली, आणि दमलेल्या राखणदार पेशी हलू लागल्या. तिने आधी त्यालाच बोलावलं. सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढत तो म्हणाला, "हे दादाला देता येईल?"

तिचा आनंद जागच्या जागी विझला. "नाही. फक्त प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जमलंय. माणसाला द्यायला वर्षं लागतील, आणि तेव्हाही जमेलच असं नाही."

"थोडं खोटं बोलली असतीस तर—"

"तुझ्याशी नाही जमत."

तो निघून गेला. थंडी सरायच्या आत दादा गेला. कोच पुन्हा आला नाही.

शेवटी तीच तलावावर गेली. रिकाम्या तलावाच्या काठी तो बाकावर बसला होता.

"जिन्यावर भेटलीस त्या दिवशी डब्यात दादाचीच गाठ होती ना?" त्याने वर न बघताच विचारलं.

"डब्यावर नाव नसतं. पण त्या सकाळी एकच ऑपरेशन होतं."

"अजून आहे?"

"आहे. वाढतेय."

"दादा गेला, आणि ती जगतेय. तुझ्याकडे बघितलं की मला तेच आठवेल."

"तुला नको असेल तर आमच्या सरांना सांगते, ते ती ठेवणार नाहीत. पण मी कामासाठी नाही आले. तुझ्याशिवाय करमत नाही मला... म्हणून आले."

तो उठून काठापर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

"ठेव ती," तो म्हणाला. "कोणाच्या तरी दादाला उपयोगी पडेल."

मग त्याने बाकावरचा ओला टॉवेल उचलून मांडीवर घेतला आणि तिच्यापुरती जागा केली.