मोगरीची तारीख

एकाच म्हशीबद्दल, एकाच दुपारी, दोघांनी दोन उत्तरे दिली. गोठ्यातला रोबो भैरू म्हणाला, "मोगरीच्या पोटात गॅस झालाय. ओवा द्या." आजोबा म्हणाले, "डोंबल तुझं! ती व्यायला झालीये."

ही गोष्ट सन २०६८ मधली, कोल्हापूरजवळच्या नांदवडे गावातली. आजोबा निवृत्त पशुवैज्ञानिक. भैरूचेही महिनाभरात एकही उत्तर चुकले नव्हते. मग आजच काय बिघडले?

दारात उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या राजसीला ते ठाऊक होते.

भैरूमध्ये 'हंबर' नावाचा प्रोग्रॅम होता. तो म्हशीच्या आवाजातली कंपने (हवेची थरथर) मोजायचा आणि ती किती दिवसांची गाभण आहे, ते तारखेवरून पाहायचा. म्हैस सुमारे दहा महिने गाभण असते. दिवस भरायला महिना असताना ती कण्हली, तर बहुधा पोट फुगलेले असते. तीच दिवस भरल्यावर कण्हली, तर वेणा सुरू झालेल्या असतात. म्हणजे आवाज एकच, अर्थ दोन. कुठला खरा, हे तारखेवर ठरायचे.

"आजोबा, भैरूचं घड्याळ मी महिनाभर मागं नेलंय," राजसी रडत म्हणाली.

"अगं, पण कशाला?"

"हंबर तीस दिवसच फुकट होता. तो बंद पडला असता तर मोगरीचं दुखणं कळलं कसं असतं?"

"रड नंतर. आधी घड्याळ नीट कर आणि गरम पाणी आण."

घड्याळ सुधारले. मोगरी पुन्हा कण्हली, आणि भैरू लगेच म्हणाला, "वेणा सुरू आहेत. रेडकू अडलंय."

रेडकाचा पुढचा एक पाय आत दुमडला होता. आजोबांनी कोपरापर्यंत हात धुतले, पाय हलकेच सरळ केला. रेडकू बाहेर आले, पण श्वास घेईना. आजोबांनी त्याचे नाक पुसले आणि राजसीने गोणपाटाने अंग खसाखसा चोळले. शेवटी ते शिंकले, तेव्हा राजसीने त्याला मोगरीच्या तोंडाजवळ सरकवले.

"मोगरीला बाजारातून आणलं, तेव्हा आपण काय केलं होतं?" आजोबांनी हात पुसत विचारले.

"दोन वेळा धार काढून बघितली. मग पैसे दिले."

"हंबरचंही तसंच. त्याला शेअरवेअर म्हणतात (आधी वापरायचं, उपयोगी पडलं तर पैसे द्यायचे असं सॉफ्टवेअर). धार काढून बघितली आणि पैसे न देता म्हैस घेऊन पसार झालो असतो, तर?"

"चोरीच की ती," राजसी म्हणाली.

"भैरू, मुदत संपल्यावरचा निरोप वाच बघू."

भैरूने वाचला, "तीस दिवस झाले. उपयोग झाला असेल तर पैसे पाठवा. नाही पाठवलेत तरी हंबर बंद होणार नाही. जनावराचा जीव मी मुदतीवर टांगणार नाही. सुमती खोत, देवरुख."

"म्हणजे तो बंद पडणारच नव्हता?"

"कुलूप नव्हतंच बाळा. तू उगाच फोडायला गेलीस."

आजोबांनी पैसे पाठवले. पत्र मात्र राजसीने स्वतः लिहिले आणि झालेला सगळा घोटाळा त्यात कबूल केला.

चार दिवसांनी उत्तर आले. 'राजसी, तुझ्यामुळे माझी चूक सापडली. हंबर तारखेवर डोळे झाकून विश्वास ठेवत होता. नव्या आवृत्तीत (सुधारलेल्या रूपात) शंका आली की तो माणसाला हाक मारेल. शेळ्यांचे आवाजही त्याला शिकवते आहे. नवा हंबर सोबत पाठवलाय. आधी वापरून बघ, पटला तरच पैसे दे.'

राजसीने पत्र दोनदा वाचले. "मी फसवलं हे कळूनसुद्धा त्या मला परत असाच वापरायला देतायत?"

"देतायत खऱ्या."

तिचे डोळे भरून आले. "मग आता त्यांना फसवणं अवघडच की हो, आजोबा!"