चारच्या रकान्यातली नाडी

व्हॅन यायला अजून पाऊण तास आहे. बसा इथेच पायरीवर. पहिलीच नाइट ना तुम्हा तिघींची? तोंडं बघा कशी झालीत, पेपर कोरा देऊन आल्यासारखी. अगं, रात्रीच्या वॉर्डात घाबरण्यासारखं काही नसतं. एकतीस वर्षं अ‍ॅम्ब्युलन्स चालवली मी, आता या होस्टेलच्या दारावर बसतो. माझ्या या आवाजामुळे सगळे मला सायरनकाका म्हणायचे. आज तो जरा खाली ठेवतो, वरच्या मजल्यावर मुली झोपल्यात.

एकच गोष्ट सांगतो आणि गप्प बसतो. ऐकीव नाही हं. जिच्याबरोबर घडली ती माझ्या मावसबहिणीची मुलगी. मला मामा म्हणते. नाव विचारू नका, तुम्ही तिला रोज बघता.

गेल्या वर्षीची एकोणीस नोव्हेंबर. बुधवार. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती फोटो काढायला गेली होती. अर्जावर चिकटवायला दोन फोटो हवे होते. फोटोवाला म्हणाला, "ताई, थोडं हसा." ती म्हणाली, "जागा मिळाली की येते हसायला." मग शेजारच्या दुकानात कागदांच्या झेरॉक्स काढल्या, पिशवीत नीट घातल्या आणि तशीच ड्यूटीला गेली.

अर्ज कसला, ते आधी समजून घ्या. शाळा संपली तेव्हा तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक चार वर्षांचा मोठा कोर्स. दुसरा दीड वर्षाचा, सहायक नर्सचा. तो केला की लगेच काम, आणि काम करता करता पुढचं शिकून रजिस्टर्ड नर्स व्हायचं. मी तिला सांगून थकलो की सरळ मोठा कोर्स कर. तर मलाच म्हणाली, "मामा, आईचे गुडघे गेलेत. मी चार वर्षं वर्गात बसले तर घर कोण बघणार? दीड वर्षात कामाला लागते, मग तिथून चढेन वर. जिना तोच आहे, फक्त मध्ये थांबायचंय." बोलायला कुणाला ऐकायची नाही, पण म्हणणं खोटं नव्हतं.

मध्ये थांबली ती सहा वर्षं थांबली. पहिल्या वर्षी वॉर्डात माणसं कमी म्हणून सोडलं नाही. दुसऱ्या वर्षी पोचली तर अर्जाची खिडकी बंद झालेली. मग आईचं ऑपरेशन आलं, ते दोन वर्षं पुरलं. आणि नियम असा, की छोटा कोर्स झाल्यापासून सात वर्षांच्या आत पुढे प्रवेश घेतला नाही तर आधीचं काहीच धरत नाहीत. पुन्हा पहिल्या पायरीवर. म्हणजे हे शेवटचं वर्ष. अर्जाची शेवटची मुदत गुरुवारी दुपारी बारा. त्याला मेट्रनचं पत्र जोडायचं, की वर्षभरात हिच्या नोंदींत खाडाखोड नाही, शेरा नाही. मेट्रन सकाळी आठला येणार, रात्रीचे चार्ट बघणार आणि मगच सही करणार.

सहायक नर्सचं जगणं काय असतं, तुम्हाला कळेलच. अंथरुणं हिनं बदलायची, पाठी हिनं पुसायच्या, कुणाचं काय बिनसलंय ते आधी हिला कळायचं, आणि सही मात्र दुसरीची. पाच वर्षांनी लहान मुली रजिस्टर्ड होऊन यायच्या आणि हिला "अगं, ते उचल जरा" म्हणायच्या. हिच्या जिव्हारी लागायचं ते. बाथरूमचा नळ सोडून रडायची आणि तोंड धुऊन परत यायची. त्या वर्षी तर तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. मला फोनवर म्हणाली होती, "मामा, या खेपेला नाही झालं तर मी संपले रे." मी रागावलो, फोन ठेवला. ठेवायला नको होता.

तर त्या रात्री वॉर्डात बावीस खाटा आणि ही एकटी. मोठी सिस्टर दोन मजले सांभाळत होती, त्या वेळी खालच्या मजल्यावर. अकरा नंबरच्या खाटेवर एक आजी होत्या. जन्मभर शिवणकाम केलेल्या. नऊ दिवस झाले होते, तब्येत सुधारत होती. दोन-दोन तासांनी ताप, नाडी, श्वास बघून चार्टवर लिहायचं. नऊ दिवस तेच आकडे. त्यांची लेक रोज रात्री बाहेरच्या बाकावर झोपायची. त्या रात्री बाराला हिनंच तिला सांगितलं, "नाडी छान आहे आजींची. तुम्ही घरी जा, एक दिवस पाठ टेका." बाई हात जोडून गेली.

पावणेदोन झाले. अर्ज अजून अर्धा भरायचा होता. आणि तेव्हा हिनं ते केलं, जे तुम्हाला कुठलंच पुस्तक सांगत नाही आणि प्रत्येक वॉर्डात चालतं. टेबलावरून उठलीच नाही. आजींचा चार्ट पुढे ओढला आणि दोनचा रकाना भरला. नाडी शहात्तर. हात चालूच होता, म्हणून चारचाही भरून टाकला. नाडी अठ्ठ्याहत्तर, श्वास अठरा. शाईनं. मग अर्ज भरत बसली.

तीन वाजून दहा मिनिटांनी उठली. सगळ्यांची पांघरुणं बघत बघत अकरा नंबरशी आली. आजी भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. हिनं खांद्याला हात लावला.

खांदा गार होता.

मानेखाली हात घातला, तर मान वळेना. सहा वर्षांत तिनं पुष्कळ पाहिलं होतं. तिला लगेच कळलं की हे आत्ताचं नाही. दोन वाजताचंही नाही. ही अर्ज भरत होती, दहा पावलांवर, आणि आजी… तेव्हाच.

त्या वेळी डॉक्टरांना हाक मारायची. आजींच्या लेकीला फोन करायचा. एवढंच करायचं होतं, पोरींनो. पण ती वळली ती चार्टकडे. दोन वाजता शहात्तर. चार वाजता अठ्ठ्याहत्तर. आणि घड्याळात सव्वातीन. पानांना नंबर घातलेले, फाडता येत नाही. खोडलं तर मोठ्या सिस्टरची सही लागते, आणि आठ वाजता मेट्रन बघणार. खोटी नोंद. पत्र नाही, जागा नाही, कदाचित नोकरीही नाही. आणि नोकरी नाही तर आईचं काय?

तिनं पडदा ओढला. स्टूल घेतलं. आजींना सरळ केलं, अंगावरचं नीट केलं. आणि ठरवलं, चार वाजेपर्यंत थांबायचं. चारची नोंद होऊन जाईल. मग सव्वाचारला ओरडायचं, की आत्ता बघते तर…

पंचेचाळीस मिनिटं.

बाहेर कुणी खोकलं. पुन्हा शांत झालं. पडद्याआड ती आणि त्या. ती हात जोडून म्हणत होती, "आजी, माफ करा. एवढी एक वेळ. मला दुसरी संधी नाही हो." पुन्हा पुन्हा तेच. रडू फुटत होतं, तोंडात पदराचा बोळा कोंबला होता.

साडेतीन.

पावणेचार.

घड्याळ तिच्या डाव्या मनगटावर होतं. त्याच्यावरून नजर काढायची तिची हिंमत नव्हती. चार वाजले. आणि हे तिनं मला आईची शपथ घेऊन सांगितलंय, की बोटं तिनं मुद्दाम ठेवली नाहीत. सहा वर्षं रोज चार वाजले की बोटं जातात. तशीच गेली. उजव्या हाताची दोन बोटं, आजींच्या मनगटावर.

एक ठोका.

तिला वाटलं, आपलाच.

दुसरा. तिसरा.

मनगट बर्फासारखं. पण आत नाडी चालली होती. अगदी ठसठशीत. तिची बोटं हलेनात. आणि ती… ती मोजायला लागली. कळतंय का तुम्हाला? ओरडली नाही. पळाली नाही. मोजायला लागली. छाती वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली.

अर्धं मिनिट. एकोणचाळीस.

त्याची दुप्पट म्हणजे अठ्ठ्याहत्तर. घाईत सगळ्याच नर्स अर्धं मिनिट मोजतात. बोटं उचलायची, झालं. तेवढ्यात आजींचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच.

"सोड…"

आवाज म्हणजे नुसती हवा.

"पोरी… दमले गं. सोड ना."

आणि हिनं सोडलं नाही.

मी विचारलं तिला, का? का गं सोडलं नाहीस? म्हणाली, "मामा, पूर्ण मिनिट हवं होतं मला. पूर्ण मिनिट भरलं की ते खोटं राहणार नव्हतं." दात घट्ट आवळून ती काट्याकडे बघत राहिली. चाळीस. पन्नास. आजींचा दुसरा हात चादरीवरून सरकत आला… हळू… आणि हिच्या डाव्या मनगटावर येऊन थांबला. घड्याळाच्या जरा वर. दोन बोटं. नेमक्या जागी.

साठ.

सत्तर.

अठ्ठ्याहत्तर.

मग काही नाही.

दोन्ही हात चादरीवर पडले. छाती पुन्हा हलली नाही.

सव्वाचारला ती ओरडली. मोठी सिस्टर धावत आली, डॉक्टर डोळे चोळत आले. त्यांनी आजींचा हात उचलून बघितला. कोपर वाकेना. हिच्याकडे बघितलं, चार्टकडे बघितलं.

"चारला नाडी होती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"तुम्ही स्वतः बघितली?"

"पूर्ण मिनिट मोजली, डॉक्टर."

त्यांनी कोपर पुन्हा एकदा दाबून बघितलं. मग चार वाजून वीस मिनिटं अशी वेळ घातली आणि गेले. साडेपाचला आजींची लेक आली. रडून झाल्यावर हिचे दोन्ही हात धरून विचारलं, "ताई, शेवटी कुणी होतं का हो जवळ?" ही म्हणाली, "मी होते. हात धरून बसले होते." ती बाई हिच्या पाया पडायला वाकली. ते मला सांगताना ही कोसळली.

आठ वाजता मेट्रननं चार्ट पाहिले. एकही खाडाखोड नाही. सही केली. बाराला वीस मिनिटं कमी असताना अर्ज खिडकीत गेला. आणि जागा मिळाली. अशी काय बघता? मिळाली म्हणजे मिळाली. पुढच्या वर्षी रजिस्टर्ड होईल, हुशार आहे, पहिल्या तिघींत असते.

वर्गाच्या पहिल्या आठवड्यात जोड्या लावून एकमेकींची नाडी बघायला सांगितली. तुम्हालाही सांगितली असेल. हिच्या जोडीला एक लहान मुलगी होती, शाळेतून सरळ आलेली. तिनं हिचा डावा हात धरला. बोटं ठेवली. जरा सरकवली. पुन्हा ठेवली. सगळ्या हसायला लागल्या, की हिला साधी नाडी सापडत नाही. शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी बोटं ठेवली. त्या हसल्या नाहीत.

त्यांनी डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांकडे. सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त जातंय, नखं गुलाबी आहेत, हातात ताकद आहे, उजवीकडची नाडी व्यवस्थित आहे. कारण कुणी सांगितलं नाही. आता कुणी नाडी बघायला आलं की ती आपणहून उजवा हात पुढे करते.

गेल्या महिन्यात माझ्या घरी आली तेव्हा मीच तिचा डावा हात ओढून घेतला. म्हटलं, एवढी वर्षं पेशंट नेले-आणले, मला सापडेल. चांगली पाच मिनिटं धरून बसलो. हात गरम होता. बोटं दाबून बघितली, इकडे-तिकडे करून बघितली.

आत काहीच चालत नव्हतं.