तेजसच्या नावाची मूठ

या, असे पुढे सरका. बुवांची गाडी बोदवडहून आत्ता कुठे निघाली आहे, कीर्तनाला अजून अवकाश आहे. तोवर आपल्या पिंप्राळ्यातल्या पुष्पाबाईंची गोष्ट सांगतो. देवाच्या दारात बसून सांगतोय, पदरचं काही घालणार नाही.

पुष्पाबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. पृथ्वीच्या गोलावर बॅटरी धरून कुठे दिवस आणि कुठे रात्र, हे दाखवण्यात त्यांची उमर गेली. भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. त्यांचा एकुलता एक मुलगा तेजस दिवाळी करून नॉर्वेला गेला, पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून.

तिथलं सगळं रोज फोनवर कळायचं. दुपारीच अंधार पडतो. बसथांब्यावर दोघांमध्ये तिसरा मावेल एवढी जागा सोडून उभं राहायचं. कपडे धुवायचे तर तळघरातल्या मशिनची वेळ आधी राखून ठेवायची. हे ठाऊक नसल्यानं त्यानं पहिल्याच रविवारी दुसऱ्याच्या वेळेत चादरी घातल्या. शेजारणीनं त्या ओल्याच, नीट घडी घालून त्याच्या दाराशी ठेवल्या. भांडली असती तर बरं वाटलं असतं, असं तो म्हणाला.

कौतिकभाऊ, म्हणजे त्याचे वडील, हसले. "आपल्याकडे असती तर आधी तुझ्या तीन पिढ्या काढल्या असत्या, मग चहा पाजला असता."

तेजसही हसला, पण उशिरा. आवाज लांबून येतो म्हणून असेल, असं पुष्पाबाईंनी धरलं.

चैत्र लागला आणि आपलं जळगाव तापलं. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसेना. अशाच एका दुपारी पुष्पाबाई तेजसच्या बंद खोलीत गाद्या उन्हाला काढायला गेल्या, तर पायाखालची फरशी गार लागली. माठाखालची असते तशी. खोलीत ओल्या लोकरीचा वास होता. पलंगावरची चादर मधोमध दबलेली होती, आणि त्यांनी हात ठेवला तर दबलेली जागा कोमट होती.

मांजर असेल, असं कौतिकभाऊ म्हणाले. पुष्पाबाईंनी खिडकीला जाळी लावून घेतली.

पुढल्या दुपारी वांग्याच्या भरिताच्या पातेल्यात बोटानं चाटल्याची रेघ होती. तेजसची लहानपणापासूनची खोड. बाई कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत बसल्या, आणि खरं सांगतो, त्यांना भीती वाटली नाही. बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत झाकून ठेवू लागल्या. ताट रिकामं व्हायचं. नवऱ्याला त्या काही बोलल्या नाहीत.

इकडे ताट रिकामं होई आणि तिकडे तेजस वाळत चालला. व्हिडिओवर गालफडं दिसू लागली. जेवण मातीसारखं लागतं म्हणायचा. साहेबांनी बोलावून घेतलं होतं. त्यांची तक्रार अशी, की सकाळभर तो खुर्चीत बसलेला असतो, पण हाक मारली तर ओ देत नाही.

"आई, मी तिथे असतो गं," तो म्हणाला. "पण नसतो."

पुष्पाबाईंनी विचारलं, नेमकं कधी होतं असं? त्यानं वेळ सांगितली. बाईंना गोल काढावा लागला नाही. तिथली सकाळ म्हणजे इथली दुपार.

त्या दिवशी त्यांनी ताट ठेवलं नाही. दुपारभर खोलीत कूस बदलल्याचा आवाज येत राहिला. त्या ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत फेऱ्या घालत राहिल्या. संध्याकाळी न राहवून ताट ठेवलंच. हे उन्हाळाभर चाललं. मग तेजसला तिथल्या दवाखान्यात ठेवल्याचा फोन आला.

श्रावणात घरात कानबाई बसली, आपली खानदेशची देवी. तुम्हाला ठाऊकच आहे, तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घेतात. पाळण्यातलं पोरही सुटत नाही, परगावी गेलेलाही सुटत नाही. ज्याची मूठ पडली तो घरचा. भाऊबंद जमले. थोरले पितांबर आबा एकेक नाव घेत होते आणि पुष्पाबाई सुपात गहू टाकत होत्या. तेजसचं नाव आलं. मूठ भरलेली होती.

बाईंनी ती पुन्हा पोत्यात सोडली.

आबा चपापले. "पोऱ्या परदेशमा शे, पन मूठ ते टाकनीच पडी, माय."

"औंदा नको, आबा. इथला वाटा सुटल्याशिवाय तो तिथे जगायचा नाही."

कौतिकभाऊ उठून अंगणात गेले. आबांनी पुढचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी कानबाई बोळवून त्या घरी आल्या तोच फोन वाजला. तेजस होता. भूक लागली, पोटभर जेवलो, झोप लागली. महिनाभरात तो कामावर गेला. बर्फावर घसरायला शिकला. मित्र झाले. फोन रोजचा होता तो आठवड्याचा झाला, मग सणाचा. पुष्पाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

तेजसच्या खोलीत त्या जात नव्हत्या. आवाज थांबला होता.

यंदा मे महिन्यात तेजस आला. धडधाकट, गोरा झालेला. दारात बूट काढून जोडीनं नीट लावले आणि बेल वाजवून मागे सरून उभा राहिला.

"कशा आहात तुम्ही?" त्यानं आईला विचारलं.

पाणी प्यायला. आभार मानले. तरी पोर जिवंत आहे, समोर बसलंय, म्हणून पुष्पाबाई हसत होत्या. दमला असशील, खोलीत जाऊन पड, असं त्या म्हणाल्या.

तो गेला. दार उघडलं.

उंबऱ्यातच थांबला.

मग त्यानं कडीचा आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं, आणि येऊन सोफ्याच्या कडेवर बसला.

"आत कुणीतरी झोपलंय," तो हळू आवाजात म्हणाला. "फार वाळलाय हो. मी बसतो इथेच."

आली बघा बुवांची गाडी. उठा, पण एवढं करा. आज प्रसाद हातावर घ्याल तेव्हा त्या आतल्या पोराची मनात आठवण काढा. नाव मात्र मोठ्यानं घेऊ नका. पुष्पाबाई तिथे खांबापाशी बसल्या आहेत.