लाल गाडीतला विझलेला दिवा

"माझ्या नवऱ्याला उद्या पोलीस उचलणार, ताई! अन् तो तोंड उघडंना!"

रत्ना दारातूनच बोलत आत आली आणि मंचरच्या त्या इवल्याशा कचेरीतली पाहुण्यांची खुर्ची बाजीरावांना सोडावी लागली. बाजीराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. खासगी तपास करणाऱ्या तेजस्विनीची जीप ते चालवायचे. ताईचं डोकं पाचव्या गिअरमध्ये आणि आपलं पहिल्यात, असं ते स्वतःच सांगत.

प्रकरण पंचक्रोशीला ठाऊक होतं. कळंबच्या अमृतची बुटकी, लाल, दोन दारांची गाडी परवा तळेघरच्या उतारावर कठड्याला धडकली. ब्रेक लागलेच नाहीत. अमृत जागीच गेला. बेचाळीस वर्षांचा गडी, हो! त्या गाडीला एकोणीस वर्षं एकाच माणसाचा पाना लागत होता, तो म्हणजे रत्नाचा नवरा, राजरत्न मेकॅनिक. ब्रेकही शेवटी त्यानंच तपासलेले. अमृतच्या वडिलांनी, सावळारामआण्णांनी, तक्रारीत त्याचंच नाव घातलं.

"लोकं गॅरेजातल्या गाड्या टोचन लावून वढून नेत्यात," रत्ना म्हणाली. "ह्याच्या हातची गाडी चालवायला कुणी धजंना."

"आणि राजरत्न काय म्हणतो?"

"कायबी न्हाई. भिंतीकडं बघत बसतो."

पोलीस ठाण्यामागच्या आवारात ती गाडी पाहून बाजीराव दोन पावलं अलीकडंच थांबले. तीस वर्षांत त्यांनी अपघात थोडे पाहिले नव्हते, पण ही गाडी ते दर रविवारी कळंबच्या रस्त्यावर चकाकताना पाहायचे. चेपलेलं बॉनेट हवालदारानं उचकटून दिलं. आत दसऱ्याच्या झेंडूचा वाळका हार अजून अडकलेला. ब्रेक ऑईलच्या डबीवर कुंकवाचं बोट ओढलेलं, झाकणावरून थेट खाली डबीपर्यंत, सलग.

"थांबा काका, आधी फोटो," तेजस्विनी म्हणाली. "आता उघडा."

बाजीरावांनी झाकण फिरवलं. त्याच्या आतलं रबर फुगून लोंबत बाहेर आलं. ते परत आत बसवायला बाजीरावांनी लई खटपट केली, बसेचना. तेजस्विनीनं त्याचाही फोटो घेतला.

"जुनी गाडी. रबरं ढिली पडणारच," ते म्हणाले.

तेजस्विनीनं हवालदारासमोर थोडं तेल बाटलीत काढून घेतलं. डिकीत ब्रेक ऑईलचा एक छोटा डबा होता. त्यावर राजरत्नच्या अक्षरात चिठ्ठी, 'फक्त हेच'. सील शाबूत.

"वापरलाच नाही की," बाजीराव म्हणाले. "मग त्याचा आपल्याला काय उपयोग?"

तिनं सीलवरून बोट फिरवलं आणि डबा परत डिकीत ठेवला.

राजरत्न गॅरेजात एकटाच बसला होता. त्यानं एक वही पुढं केली. एकोणीस वर्षांत त्या गाडीचं काय काय बदललं, सगळं त्यात होतं. शेवटची नोंद दसऱ्याच्या आठ दिवस आधीची: 'पुढचे ब्रेक पॅड झिजले, म्हणून ऑईलची पातळी खाली. लाल दिवा लागतो. भरू नये. नवे पॅड आले की पातळी आपोआप वर येईल.'

तेजस्विनीनं फुगलेल्या रबराचा फोटो दाखवला. राजरत्ननं एकदा पाहिला आणि तोंड फिरवलं.

"जावा ताई. मला काय सांगायचं न्हाई."

"चोराच्या मनात चांदणं!" जीपमध्ये बसता बसता बाजीराव पुटपुटले.

कळंबच्या मळ्यातल्या घरी अमृतची बायको हर्षाली भेटली. तिचे डोळे कोरडे होते, त्यानंच बाजीरावांना जास्त भीती वाटली.

"गाडी माझी सवत व्हती," ती म्हणाली. "दर रविवारी हे तिच्याखाली. जळो मेली, म्हणायचे मी. कितीदा म्हणाले!"

"डॅशबोर्डवर लाल दिवा लागायचा?"

"दसऱ्यापर्यंत. मग विझला. हे खूश झाले. पण पुढं गाडी जड जड ओढायला लागली. चाकं तापायची, जळका वास यायचा. पॅड आले की राजाच्या गॅरेजात नेतो, म्हणाले."

सावळारामआण्णा ट्रॅक्टरजवळ उभे होते. सत्तरीचा माणूस, पण आवाज अजून खणखणीत.

"त्यानंच खाल्लं माझं लेकरू! फासावर जाऊ दे!"

"आण्णा, दसऱ्याला गाडीची पूजा कुणी केली?"

"यंत्राची पूजा माझ्याच हातची. धुवायचं, तेलपाणी बघायचं, मग कुंकू. बाया नुसत्या ओवाळत्यात. चाळीस वर्षांत एक यंत्र तहानलेलं ठिवलं न्हाई मी."

"आणि हा मोठा डबा?"

"ट्रॅक्टरचा. गिअर, हायड्रॉलिक, ब्रेक, समद्याला ह्योच. येकच तेल."

बाजीरावांनी कौतुकानं मान हलवली. तेजस्विनीनं मात्र डब्यावरचं नाव दोनदा वाचलं.

"काका, राजरत्न आणि रत्नाला घेऊन या. ब्रेक ऑईलचा एक नवा डबाही आणा," ती हळू आवाजात म्हणाली. "हर्षाली, दोन पेले पाणी द्या."

अर्ध्या तासात सगळे अंगणात जमले. राजरत्न आणि रत्ना जीपमागून गॅरेजातल्याच एका गाडीनं आले. राजरत्नला पाहून आण्णा उसळले, पण तेजस्विनी मध्ये उभी राहिली. तिनं पहिल्या पेल्यात डिकीतल्यासारख्याच नव्या डब्यातलं ब्रेक ऑईल टाकलं. ते पाण्यात मिसळून गेलं. दुसऱ्या पेल्यात तिनं गाडीतून काढलेलं तेल टाकलं. वर तवंग तरंगला.

"ब्रेक ऑईल पाण्यात विरघळतं. हे विरघळत नाही, कारण ह्यात दुसरं तेल आहे. तसल्या तेलानं गाडीच्या ब्रेकची रबरं फुगतात. काका, झाकणाचं रबर बसेना, आठवतं? तशीच आतलीही फुगली. ब्रेक धरून राहिले, चाकं तापली, तेल उकळलं, आणि उतारावर ब्रेक दाबला तेव्हा पायाखाली काहीच उरलं नाही."

"म्हणजे ह्यानंच घातलं!" आण्णा ओरडले.

"राजरत्ननं शेवटचं पाहिलं तेव्हा पातळी खाली होती, दिवा लागत होता. दसऱ्याला दिवा विझला. कुणीतरी भरल्याशिवाय तो विझणार नाही, आणि डिकीतला डबा तर सीलबंद. झाकणावरून डबीवर ओढलेलं कुंकू सलग होतं, म्हणजे पूजेनंतर झाकण कुणी उघडलं नाही. जे झालं ते पूजेच्या वेळीच. आण्णा, त्या दिवशी यंत्रांना हात फक्त तुमचा लागला."

बाजीरावांनी नजर जमिनीवर वळवली. आता ह्या म्हाताऱ्याकडं बघायचं तरी कसं!

"डबी अर्धी दिसली," आण्णांचा आवाज कुठल्या कुठं गेला होता. "ब्रेकचं तेल म्हणून... ट्रॅक्टरचं... माझ्या हातानं?"

ते मटकन खाली बसले. हर्षालीनं तोंडात पदर कोंबला.

"फोटो पाहूनच तुला कळलं होतं, राजरत्न," तेजस्विनी म्हणाली. "गप्प का राहिलास?"

"धडक झाली तवाच कळलं व्हतं." धडकेनंतर तो पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलत होता. "दसऱ्याच्या सांजला अमृतचा फोन आला. म्हणाला, आण्णांनी तेल टाकलं, दिवा गेला. मला वाटलं डिकीतलंच टाकलं असंल. मी हसलो. कोन्तं तेल, येवढं इचारायचं राह्यलं. येक शबूद, ताई! मग कुणाच्या तोंडानं सांगू, की तुमीच पोराला..."

रत्ना नवऱ्याकडं बघतच राहिली. "अन् माझा इचार? पोरांचा?"



आण्णा ट्रॅक्टरच्या चाकाला धरून उठले. "मला ठाण्यात न्या. तक्रार मागं घ्यायची. अन् खरं काय ते लिवून द्यायचं."

हर्षाली आत गेली. सासऱ्यांच्या वहाणा आणून तिनं त्यांच्या पायापाशी ठेवल्या.

बाजीराव जीपकडं लगबगीनं निघाले. "चला आण्णा, मी सोडतो."

"तुमची नगं, पावणं." म्हाताऱ्याचा हात राजरत्नच्या खांद्यावर टेकला. "राजा, तुझ्या हातची गाडी काढ. तूच चालव."