काहीच करत नव्हती

मोबाइल ठेवा आधी खिशात. आणि मध्येच फिदीफिदी हसलात तर मी उठून जाईन, सांगून ठेवतो. उरणजवळच्या परेशची गोष्ट आहे ही. माझ्या चांगल्या ओळखीचा माणूस, अजून जिवंत आहे.

गेल्या वर्षी एकोणीस मार्चला, बुधवारी, परेश सकाळी दाढीबिढी करून कोर्टात साक्ष द्यायला निघाला. त्याची बायको दिपाली वर्षापूर्वी रस्त्यात गेली. ट्रेलर मागे घेताना चाकाखाली आली. आणि ट्रेलर कुणाचा? ह्यांच्याच घरचा! थोरला भाऊ विनेश चालवत होता, आणि विमा भरायचा राहून गेला होता. दिपालीचा बाप धर्मा, म्हातारा खमका. त्यानं सात वर्षांच्या नातीच्या, प्राप्तीच्या नावानं भरपाईचा दावा ठोकला.

आता घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचीही किंमत कोर्ट धरतं. विमा नाही, म्हणजे ती रक्कम ह्यांच्याच खिशातून जाणार.

विनेश वाटेत म्हणाला, "ती काय कराची न्हाय, सगला आयच करते, एवढाच बोल. ट्रेलर गेला तं खायाचा काय?"

परेशनं शपथ घेतली आणि बोलला. "घरात ती काहीच करत नव्हती. रांधणं नाही, शिवणं नाही. पोरीलासुद्धा माझ्या आईनंच वाढवलं." समोर धर्मा ढसाढसा रडत होता. ह्यानं मान फिरवली, आणि घरी येताना ताजे बोंबील घेऊन आला. निर्लज्ज मेला!

रात्री पावणेदोनला त्याला जाग आली. अंगावरची गोधडी हाताला लागेना. दिवा लावला. खाटेवर नुसत्या चिंध्या, आणि बाजूला दोऱ्याचं गुंडाळं. गोधडी दिपालीनं शिवलेली.

उंदीर असतील म्हणून तो स्वयंपाकघरात गेला. मसाल्याची बरणी उघडी होती. दिपालीनं कुटलेला वर्षाचा मसाला... आत अख्ख्या लाल मिरच्या. देठासकट. लोणच्याच्या बरणीत हिरव्यागार कैऱ्या. चीक गळत होता.

"आये..." त्यानं हाक मारली.

त्याची आई सखुबाई भिंत धरून आली. बरणीत हात घातला. वास घेतला.

"तू कोर्टात काय बोललास रे?"

परेशनं बरणीचं झाकण लावलं.

"ती व्हती तवर मी तं चुलीजवल बसली न्हाय. काय बोललास?"

तो सांगू लागला. अर्ध्यावर थांबला. म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं त्यानं. तिलाही तेच सुचलं होतं...

पोरगी.

तो धावला. पोर अंथरुणात जागी. डोळे उघडे. तोंडात अंगठा.

"प्राप्ती, बाला, पाणी देऊ?"

पोर नुसता अंगठा चोखत राहिली.

"पप्पा बोल. एकदा बोल."

"ब..." पोर म्हणाली. "ब... ब..." लाळ गळली.

मग परेश अंगणात जाऊन ओरडला. "करत होती! सगळं तीच करत होती! दिपाली... ऐकतेस ना?"

कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. अरे, तिथं कोण होतं ऐकायला? शपथ त्यानं कोर्टात घेतली होती.

दुसऱ्या दिवशी साक्ष फिरवायला पळाला. वकील म्हणाला, "खोट्या साक्षीबद्दल आत जाशील. गप बस." विनेशनंही पाय धरले. आणि परेश गप बसला. हो, पोरीचे हाल बघूनसुद्धा बसला! निकाल लागला, रक्कम अगदी किरकोळ. ट्रेलर वाचला, अजून बंदरावर धावतो.

प्राप्तीला तीन डॉक्टरांना दाखवलं. पायांत दोष नाही, डोक्यात नाही. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. दार उघडं होतं. आठ वर्षांची पोर, अंगावर शाळेचा फ्रॉक, आतून रांगत आली माझ्याकडे. गुडघ्यांना घट्टे पडलेत तिच्या.