ओळखणारा एक जण

सांजदैनिकाचे पान दुपारी दोनला सुटायचे होते आणि ओळखमापकावरचा लाल दिवा काही विझत नव्हता. बातमी वाचून त्यातल्या मुलाला किती जण ओळखतील, हे गावातली छायाचित्रे, जाहिराती, समाजमाध्यमे धुंडाळून सांगणारी ही प्रणाली. अत्याचाराच्या बातमीत शून्य आल्याशिवाय पान सोडणाऱ्यावर आता थेट गुन्हा होता.

उपसंपादक वैजयंती सरोदे बातमीदार वानखडेची बातमी छाटत होती. आपल्या बातमीदारांना दुःख रंगवल्याशिवाय चैन पडत नाही. 'कोवळी कळी कुस्करली' तर होतेच. शिवाय मुलीची इयत्ता, आईची खानावळ आणि बुद्धिबळातले बक्षीसही होते. वैजयंतीने सगळ्यावर काट मारली. हजारोंचा आकडा घसरत एकवर आला आणि तिथेच अडून बसला.

"हा एक कोण?" वानखडेने विचारले.

तिने कळ दाबली. पडद्यावर उमटले: मूल स्वतः. खाली एक वाक्य लाल झाले होते: 'तिने वसतिगृहातल्या तिघी सेविकांना सांगितले होते, तिघीही हसल्या.'

"काढा ना मॅडम. एका वाक्यानं काय बिघडते?"

"मग उरतं काय? अत्याचार करणारा अधीक्षक तेवढा वाईट, वसतिगृहातले बाकीचे साव. सोमवारी मुली पुन्हा त्याच तिघींच्या हाती."

वैजयंतीला संताप आला. गावापासून मुलीला लपवायला केलेली प्रणाली आता मुलीपासूनच तिची गोष्ट लपवायला सांगत होती. नियम लिहिणाऱ्यांना एवढे साधे सुचले नव्हते, की मूलही पेपर वाचते.

तेवढ्यात मुलीच्या आईचा फोन आला.

"मॅडम, पोरगी सकाळपासून इचारून रायली, छापून येते का नाही म्हणून."

वैजयंतीने लाल वाक्याकडे पाहिले. संपादकांना विचारून झाले होते, वकिलांनाही. मुलीला कोणीच विचारले नव्हते.

"तिला फोन देता का? तिची इच्छा असेल तरच."

मुलीने फोन घेतला. वैजयंतीने ते वाक्य हळूहळू वाचून दाखवले आणि विचारले, "हे ठेवू की काढू?"

वानखडे घड्याळाकडे बघत होता. वैजयंतीचे बोट पान सोडायच्या कळेवर होते. ते वाक्य ठेवून कळ दाबली तर नोकरी जाणार, कदाचित कोर्टातही उभे राहावे लागणार.

"ताई," पलीकडून आवाज आला, "माह्यं नाव नोका टाकू. पण मी सांगतलं होतं, हे टाकसान ना?"